घडलंच नाही असं समजावं

आमच्या घरात ज्युनियर-बिनियर कुणी नाही. माझा नवरा होबार्ट स्लोन, आणि त्याच्यामागे नातवाचं नावही होबार्ट स्लोनच. नावाला शेपूट लावलं की दुसरा पहिल्यापेक्षा कमी ठरतो, आणि स्लोनांच्या घरात कमी कुणी जन्माला येत नाही. वकिलानं अर्ज लिहिताना विचारलं, पुढं ज्युनियर लावू का? मी म्हटलं, जे नाव आहे ते लिही. त्यानं तसंच लिहिलं.

अर्ज नातवाचा होता. कोवळ्या वयात पोरगा नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला आणि औषधाच्या दुकानाची काच फोडताना सापडला. मी त्याच्या मानगुटीला धरून उपचाराला नेलं. तो सुधारला, कोर्टानं गुन्हा काढून टाकला. कागद मात्र तिथंच. पोरगा कुठंही काम मागायला गेला की त्याच्याआधी ते कागद जाऊन बसलेले. शाळेची बस चालवायचं काम निघालं तेव्हा मी ठरवलं, आता त्या कागदांवर झाकण घालायचंच.

आमच्या गावच्या साप्ताहिकाचा संपादक इमरी गेन्स भर कोर्टात उभा राहिला. म्हणे, कोर्टाचे कागद लोकांचे असतात. आज एक दडवलात की उद्या दुसरा आपोआप दडेल. बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. म्हटलं, इमरी, दुसऱ्याची चादर उचलून बघायची एवढी हौस असेल तर आधी स्वतःची धुवून वाळत घाल. लोक हसले. त्याआधी जज्जसाहेबांनी हुकूम वाचला होता. होबार्ट स्लोन या नावाचे सगळे कागद मोहोरबंद, आणि हे घडलंच नाही असं समजावं.

ते शब्द मला फार गोड लागले. घरी येईपर्यंत मी ते तोंडात घोळवत होते.

आता डेल्मर प्रुइटबद्दल सांगते. माझ्या नवऱ्याला मारलं तो हा. लाकडाच्या गिरणीत दोघांची जुंपली. होबार्टनं ओंडके ओढायचा आकडा याच्या हातावर मारला, यानं तोच हिसकून होबार्टच्या डोक्यात घातला. आधी दोघांवर मिळून मारामारीचा गुन्हा लागला. होबार्ट गेल्यावर त्याच फायलीत खून चढला. डेल्मर शिक्षा भोगून परत आला, आणि तेव्हापासून मी दिसले की टोपी खाली ओढून रस्ता ओलांडायचा. गावासमोर ओलांडायचा. मला तेवढं पुरत होतं.

हुकूम झाल्यावर तो रस्ता ओलांडेनासा झाला.

आधी वाण्याच्या दुकानात त्यानं मला मान लववून नमस्कार केला. मग रविवारी चर्चमध्ये होबार्टच्या जागेवर येऊन बसला. मी वाट पाहिली, कुणीतरी मागं वळून बघेल, खोकेल. कुणी हललं नाही. बाहेर पडताना पाळकाची बायको मला म्हणाली, किती भला माणूस आहे हो, तुम्हाला शेजार चांगला मिळाला.

मी सरळ कोर्टात गेले. खिडकीमागं ट्वायला बसते. लहानपणी हिचं नाक मी पुसलंय, आणि हिचा बाप त्या खटल्यात ज्युरीत होता.

"ट्वायला, डेल्मरच्या खटल्याचे कागद दाखव."

"असा खटला नाही, काकू."

"मला कायदा शिकवू नकोस. तुझा बाप ज्युरीत होता. निकाल देऊन घरी गेला आणि जेवला नाही, तूच सांगायचीस."

"असा खटला नाही, काकू," ती तेवढ्याच गोड आवाजात म्हणाली. लपवणाऱ्याचा चेहरा मला ओळखू येतो, सहा लेकरं वाढवलीत मी. ट्वायला लपवत नव्हती. तिचा चेहरा घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा होता.

वकिलानं मान खाजवत उलगडा केला. नाव एकच, म्हणून गिरणीतल्या मारामारीची जुनी फाईलही मोहोरेखाली गेली. परत काढता येईल, पण उघड्या कोर्टात. कुठल्या होबार्टनं काय केलं ते मोठ्यानं सांगावं लागेल. शाळेचे लोक ऐकतील, आणि नुकतीच मिळालेली बसची किल्ली त्याच दिवशी पोराच्या हातातून जाईल. किल्ली गेली तर पोरगा पुन्हा कुठं जाईल, ते मला कुणी सांगायला नको.

मग मी इमरीच्या दाराशी गेले. हो, मी गेले. वाटलं, टोमणा मारेल. त्यानं खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाला, छापतो काकू, पण लोक विचारतील, खटला होता तर गेला कुठं? मग नातवाचं नाव घ्यावं लागेल. मी खुर्ची मागं सारली. इमरीनं पेन्सिल खाली ठेवली आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "होबार्ट स्लोन म्हणजे बस चालवतो तोच ना? दुसरा कुणी होता का?"

होबार्टच्या मौतीची बातमी यानंच लिहिली होती.

आज सकाळी मी ओसरीवर शेंगा सोलत होते. डेल्मर फाटक उघडून आला आणि होबार्टच्या झुलत्या खुर्चीत बसला. मी कॉफी दिली. कप घेताना मी त्याचा हात पाहिला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत आकड्याचा वण असायचा, भर कोर्टात त्यानं हात उचलून तो दाखवला होता. आता कातडी साफ होती. लहान मुलाची असते तशी.

"होबार्ट दिसला नाही बऱ्याच दिवसांत," तो म्हणाला. "बरा आहे ना?"

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं खोटं सापडलं असतं तर कॉफी तोंडावर ओतली असती. काही नव्हतं. माणूस खरंच विचारत होता.

तेवढ्यात खालच्या वळणावरून पिवळी बस आली. खिडक्यांतून पोरं ओरडत होती. माझ्या नातवानं नेहमीसारखा भोंगा वाजवला आणि हात हलवला. दाढी केलेला, कॉलर ताठ. बस वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले.

"बरा आहे," मी म्हटलं. "गिरणीत गेलाय."

डेल्मर समाधानानं मान हलवून झुलत राहिला. गिरणी कधीची बंद पडलीय. वर टेकडीवर होबार्टच्या थडग्याचा दगड आहे की नाही ते बघायला मी अजून गेलेली नाही. आत जाऊन मी तिसरा कप काढला, पुसला, आणि फाटकाकडं कान लावून बसले.