माझ्या पाठीवरचं हिरवं चिन्ह

मित्रांनो, मी चिक्कीचा एक जुना खोका आहे. पोटात आता चिक्कीचा कणही उरलेला नाही, तरी या फळीवरून मला कुणी हलवत नाही. का, ते ऐका.

तळेगावच्या छापखान्यात माझा जन्म झाला आणि मी लोणावळ्याला धवलच्या दुकानात आलो. माझ्या पाठीवर हिरवं चिन्ह होतं. खाली लिहिलेलं, ‘आतली पिशवी सुटी काढा. खोका कागदाच्या रद्दीत द्या.’ असलं चिन्ह मागितलं आणि मिळालं, असं होत नाही बरं का! खोके-पिशव्या कचऱ्यात न जाता पुन्हा वापरात याव्यात, म्हणून एक योजना आहे. तिच्यात दुकानानं नाव घातलं, तेव्हा कुठे ते मिळालं.

धवल आधी कुरकुरलाच. “लोक चिक्की खातात की खोका?” पण त्याची बायको आसावरी हटून बसली आणि तिचंच खरं झालं. योजनेच्या सांगण्यावरून खोक्यावरचा चकचकीत प्लॅस्टिकचा थर गेला, तसा खोका स्वस्त पडू लागला. गिऱ्हाइकं चिन्ह बघून दुकानाचं कौतुक करू लागली. खंडाळ्याच्या एका मोठ्या हॉटेलनं तर पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला चिन्हाचाच माल हवा म्हणून मागणी दिली. झालं! भरणीच्या टेबलावर नव्या बायका आल्या. शेजारच्या खेड्यातली सरूबाई त्यांतलीच. मी असा ताठलो होतो की विचारू नका.

मला सरूबाईनंच भरलं. पिशवी आत ठेवून तिनं मला हलवून पाहिलं. चिक्की आत आपटत होती. “घाटात गाडी लय हिसके देती. पोरांच्या हातात निसता चुरा जायचा,” ती पुटपुटली. मग खळीचं बोट फिरवून तिनं पिशवी माझ्या तळाला मायेनं चिकटवून टाकली. अगं बाई, नको! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण खोक्याचं कोण ऐकतं?

काही दिवसांनी योजनेकडून अतुल नावाचे तपासनीस आले. त्यांनी नेमकं मलाच उचललं. पिशवी निघेना. जोर लावला, तर माझा तळच सोलून आला.

“मॅडम, हा आता रद्दीतही जाणार नाही आणि प्लॅस्टिकमध्येही नाही. चिन्ह तूर्त थांबवावं लागेल.”

चिन्ह थांबलं, हॉटेलची मागणी थांबली. नव्या बायकांना घरी बसावं लागलं.

निघताना सरूबाई रडवेली झाली. “ताई, मला कुनी सांगितलंच न्हाई. मला वाचता कुटं येतंय?”

“मावशी, चूक माझी आहे,” आसावरी म्हणाली. “चिन्हासाठी मी पुण्याला खेपा घातल्या, पण तुमच्या टेबलापाशी येऊन ते काय आहे हे एकदाही सांगितलं नाही.”

सरूबाईनं मला हातात घेतलं आणि पिशवीचं चिकटून उरलेलं प्लॅस्टिक नखानं सोडवू लागली. ते निघालं तर काम परत मिळेल, असंच तिला वाटत असावं. प्लॅस्टिक हललं नाही, माझाच कागद फाटत राहिला. फार वाईट वाटलं हो. पण मला मेल्याला तिचा हातही धरता आला नाही.

आसावरीनं पुन्हा अर्ज केलाय. उत्तर आलेलं नाही. टेबलावरच्या त्या जागा रिकाम्याच आहेत. झालेली चूक विसरू नये, म्हणून आसावरीनं मला या फळीवर ठेवलंय.

मित्रांनो, उद्या तुम्ही दुकान काढाल, तेव्हा माझ्या भावंडांच्या पाठीवर असं चिन्ह जरूर छापा. त्यात दुकानाचं भलंच आहे. फक्त खोका भरायला देण्याआधी, भरणाऱ्या बाईला ते वाचून दाखवा.