बिनखिळ्याचा स्पीडबॉल

पद्मजा नेहमी चौथी यायची. पहिल्या वर्षी चौथी आली तेव्हा घरात कौतुक झालं, दुसऱ्या वर्षी "अगदी थोडक्यात हुकलं गं" झालं आणि तिसऱ्या वर्षी कोणी काही बोललंच नाही. राज्याच्या स्पर्धेला जिल्ह्यातून तिघींनाच पाठवायचे. म्हणजे चौथा नंबर काय आणि चाळिसावा काय, सारखाच. उलट चाळिसावीला निदान हळहळ तरी वाटत नसेल. शंभर मीटरमधला बराचसा भाग पोरगी झकास पळायची. शेवटचा तुकडा आला की खांदे कानांपर्यंत चढायचे, हात अवघडायचे आणि मागून कोणीतरी भुर्रकन पुढे निघून जायची.

१९८० साल शेवटचं होतं. बी.कॉम. संपत आलं होतं आणि तिच्या आईनं, मृदुलाबाईंनी, आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं.

"यंदा पहिल्या तिघींत आलीस तर पळ बाई हवं तितकं, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर दिवाळीनंतर फोटो काढायचा आणि स्थळं बघायला लागायचं."

निवड चाचणी दसऱ्याच्या दोन दिवस आधी होती. पद्मजाला लग्नाचं वावडं नव्हतं, पण चौथी म्हणून संपायचं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलं की हा विचार तिला झोपू द्यायचा नाही.

तिचे वडील श्रीपादराव चिंचवडच्या एका कारखान्यात टूल डिझाइनला होते. जगातली कुठलीही अडचण म्हणजे कोणीतरी नीट न बसवलेला पार्ट, अशी त्यांची धारणा. मुलगी चौथी येते म्हणजे कुठला पार्ट अडतोय, यावर त्यांनी तीन वर्षं डोकं खाजवलं होतं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ते कंपनीच्या बसमधून उतरले ते जवळजवळ पळतच घरी आले. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "पदे, तुझे पाय ठीक आहेत. हात नापास आहेत!"

कंपनीच्या वाचनालयात त्यांनी वाचलं होतं, की मॉस्कोला नुकतीच शंभर मीटरची शर्यत जिंकलेला गडी म्हणे मुष्टियोद्ध्यांच्या स्पीडबॉलवर सराव करतो. डोक्याच्या वर एक आडवी फळी, फळीखाली टांगलेला पेरूच्या आकाराचा चामडी चेंडू. बुक्की मारली की तो फळीवर आपटून परत येतो, तोवर दुसरी बुक्की तयार पाहिजे. हात थकले की खांदे आखडतात, खांदे आखडले की पाय मंदावतात. मग खांद्यांनाच न थकायला शिकवायचं. श्रीपादरावांना हे इतकं पटलं, की जेवताना ते आमटीत चमचा फिरवून हातांची गती समजावत होते.

पद्मजाच्या कॉलेजातले नंदकिशोर सर खेळ शिकवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पळायला पाय लागतात, बुक्क्या नाही. वडिलांना सांग, उद्या पोहायला झाडावर चढवतील."

पण श्रीपादराव एकदा मनावर घेतलं की ऐकणारे नव्हते. चामडी चेंडू पिंपरीच्या बाजारातल्या चांभाराकडून शिवून झाला. फळी म्हणून त्यांनी मृदुलाबाईंचा पुरणपोळ्यांचा मोठा पोळपाट उचलला, कारण एवढं गुळगुळीत, गोल आणि जड लाकूड विकत कुठं मिळणार? मृदुलाबाईंनी आकांत केला, तर म्हणाले, "अगं, होळीला परत देतो." भिंतीवर पोळपाट बसवायला लोखंडी ब्रॅकेटही तयार झालं. राहिली फक्त भिंत.

आणि भिंत कंपनीची होती.

कंपनीच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला खिळा ठोकायला मनाई. नियम कोणी पाळत नसे, पण श्रीपादराव कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंच्या घरात कॅलेंडरचा खिळा दिसला, तेव्हा त्यांनी स्वतः उभं राहून तो उपटायला लावला होता. तेव्हापासून सुमनताई कॅलेंडर टेबलावर आडवं ठेवत आणि श्रीपादराव दिसले की मोठ्यानं विचारत, "सेक्रेटरीसाहेब, आज तारीख काय हो?"

"एक खिळा ठोकला तर कंपनी बुडेल का?" मृदुलाबाई म्हणाल्या.

"प्रश्न कंपनीचा नाही, मी दुसऱ्यांचे उपटलेत," श्रीपादराव म्हणाले. ब्रॅकेट खाटेखाली गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, पोळपाट उलटा करून त्याचे पाय घट्ट धरले आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. चेंडू पद्मजाच्या तोंडासमोर लोंबायला लागला.

"मार," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हाला लागेल."

"तू चेंडूला मार, मला नको. सोपं आहे."

सोपं मुळीच नव्हतं. पहिल्या दिवशी चेंडू तिच्या नाकावर आला, दुसऱ्या दिवशी श्रीपादरावांच्या चष्म्यावर. पण आठवडाभरात हाताला ठेका सापडला. ठकठक, ठकठक. रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी घर त्या आवाजानं भरून जायचं. तिसऱ्याच दिवशी सुमनताई साखर मागायला रिकामी वाटी घेऊन वर आल्या. दार उघडंच होतं. आत सेक्रेटरीसाहेब भिंतीला टेकून दोन्ही हात वर करून उभे आणि समोर त्यांची सोन्यासारखी मुलगी बुक्क्या हाणतेय! सुमनताई साखर न घेताच खाली गेल्या. दुपारपर्यंत कॉलनीभर झालं, की स्थळं बघायची म्हणताच पद्मजानं बापावर हात उचलला.

सप्टेंबरात कॉलेजच्या मैदानावर सरावाची शर्यत झाली आणि पद्मजा चक्क शेवटची आली. चाकणजवळच्या शेतकरी घरातली कस्तुरा नेहमीप्रमाणे अनवाणी पहिली. कमरेवर हात ठेवून ती खदाखदा हसली.

"पदे, हात आसं गोल गोल का गं फिरवतीस? दळण दळत व्हतीस का काय?"

खरंच, चेंडूची सवय लागून तिचे हात छातीसमोर चक्रासारखे फिरत होते. नंदकिशोर सरांनी नुसतं बघितलं, तेवढं पुरलं. पद्मजा घरी येऊन रडली, चेंडू फेकून द्या म्हणाली. श्रीपादरावांनी हातांची ती गोल गती स्वतः करून बघितली. मग म्हणाले, "चूक माझी. पार्ट तयार केला, मशीनला जोडायला विसरलो." त्या दिवसापासून चेंडू झाला की लगेच खाली उतरून कॉलनीच्या रस्त्यावर हात सरळ पुढेमागे नेत पळायचं, असा क्रम लागला. गोल फिरणं हळूहळू गेलं. खांद्यातला सैलपणा मात्र राहिला.

महिन्याच्या शेवटी श्रीपादरावांनी पद्धत बदलली. ते स्टुलावर उभे राहायला लागले आणि पोळपाट छातीशी धरायला लागले. "वरून पकड चांगली बसते," म्हणाले. असेल बाई, पद्मजाला वाटलं. बसमध्ये ते आताशा वरची दांडी धरून उभे न राहता मागच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन जागा पकडायचे. आणि एका सकाळी तिनं पाहिलं, तर आई बाबांच्या केसांतून कंगवा फिरवत होती, बाबा डोळे मिटून बसले होते. या वयात! पद्मजा लाजून मागच्या मागे वळली आणि दिवसभर मनातल्या मनात हसत राहिली.

चाचणीच्या दिवशी कधी रजा न काढणाऱ्या श्रीपादरावांनी रजा काढली. पिंपरीच्या मैदानावर मृदुलाबाई आल्या, आणि बापलेकीचं भांडण अर्धवट बघून सोडवत नाही म्हणून सुमनताईही आल्या. पद्मजा सुरुवातीच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. ही शर्यत गेली की सगळं गेलं, हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं, की स्टार्टरनं हात वर केला तेव्हा तिला क्षणभर आपलं नावही आठवेना.

पिस्तूल वाजलं. कस्तुरा सुटली ती सुटलीच. पद्मजा तिसरी होती, मग दुसरी, मग परत तिसरी, आणि तो नेहमीचा तुकडा आला. मागून पावलं वाजायला लागली. खांदे चढणार, असं तिला वाटलं आणि ती वाट बघत राहिली, पण खांदे चढेनात. हात आपले चालतच होते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की आता थकायचं असतं. मागची मुलगी बरोबरीला आली, तिचा श्वास ऐकू आला, आणि दोघी एकदमच रेघेवर पडल्या.

पंच बराच वेळ आपसांत बोलत राहिले. मग एकानं पद्मजाकडे बोट केलं आणि तीन बोटं दाखवली.

तिनं दोन्ही हात वर करून घरच्यांकडे हलवले. आई दोन्ही हात उंच करून नाचत होती, सुमनताई पदर हलवत होत्या, मागून कस्तुरानं तिला कमरेला धरून उचललं. फक्त बाबा हात खाली सोडून उभे होते. नुसती मान हलवत होते. तीन वर्षं ज्यासाठी डोकं खाजवलं ते मिळालं आणि माणसाला एक हात वर करवेना? तिसरीचं काय एवढं, असं तर नाही ना वाटलं त्यांना? आनंदाच्या भरात तो सल तिच्या मनात राहून गेला.

घरी संध्याकाळभर श्रेयाची वाटणी चालली. पेढे घेऊन आलेले नंदकिशोर सर म्हणाले, स्टार्ट सुधारला म्हणून जमलं. मृदुलाबाईंना खात्री होती की देवीला बोललेल्या नारळानं जमलं. सुमनताईंचं म्हणणं, पोरीला लग्नाचा धाक घातला की आपोआप पाय चालतात. श्रीपादराव म्हणाले, "एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही. राज्याच्या स्पर्धेपर्यंत चालू ठेवून बघू." पद्मजाला हवं होतं ते हे नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आदल्या दिवशी पूजेला मांडलेली हत्यारं देवापुढे तशीच होती: नट आवळायचे पाने, आकडेमोडीची स्लाइडरूल, हातोडी, तिचे काट्यांचे बूट आणि मृदुलाबाईंच्या हट्टानं पोळपाटसुद्धा, सगळ्यांना हळदकुंकू. उत्तरपूजा झाली. पद्मजानं आपट्याची पानं आईला दिली, मग बाबांच्या हातात देऊन वाकून नमस्कार केला आणि डोक्यावर हात यायची वाट बघत उभी राहिली. बापापेक्षा ती चांगली उंच झाली होती.

हात आला नाही. छातीपर्यंत आला, तिथं अडला आणि खाली गेला. बाबांच्या कपाळावर घाम आला होता.

"असू दे, असू दे. मोठी हो," ते घाईनं म्हणाले.

"सांगा ना तिला आता," मृदुलाबाई म्हणाल्या. मग त्या पद्मजाकडे वळल्या. "महिना होत आला गं. यांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. केससुद्धा मीच विंचरते. 'तिला सांगितलंस तर बघ' म्हणून शपथ घातली मला."

पद्मजाच्या डोळ्यांसमोरून ते स्टूल गेलं, ती बस गेली, तो कंगवा गेला, मैदानावरचे ते खाली सोडलेले हात गेले. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि त्या माणसाबद्दल माया दाटून आली. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसली आणि डोकं पुढे केलं. हात तिथवर सहज पोचला. बराच वेळ तिथंच राहिला.

मग ती उठली. खाटेखालून ब्रॅकेट ओढलं, देवापुढची हातोडी उचलली आणि चार मोठे खिळे मुठीत घेऊन भिंतीशी स्टूल लावलं.

"पदे, भिंत कंपनीची आहे," श्रीपादराव म्हणाले.

"खांदे माझ्या बाबांचे आहेत," ती म्हणाली आणि पहिला घाव घातला. पांढरा चुना भुरभुर खाली पडला. हातोडीवरचं कुंकू तिच्या बोटांना लागलं.

श्रीपादरावांनी हातातली आपट्याची पानं देवापुढे ठेवली. मग जवळ येऊन त्यांनी ब्रॅकेट खालून धरलं, जेवढा हात जात होता तेवढा. "जरा डावीकडे घे," म्हणाले. "तिथं वीट पक्की आहे."

दुसऱ्या खिळ्याला खालून सुमनताईंचा आवाज आला. अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा.

"अहो सेक्रेटरीसाहेब! कोण ठोकतंय हो खिळे?"

श्रीपादराव गॅलरीत गेले, कठड्यावरून वाकले आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "आम्ही ठोकतोय, सुमनताई! आमचं ठोकून झालं की तुमचं कॅलेंडर घेऊन या, तेही लावून देतो!"