घरच्या माणसाची गाडी

यज्ञेश्वरने जुनी गाडी घेतली आणि नवव्या दिवशी ती आर्णीच्या अलीकडे भर उन्हात बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि आत तापमानाचा काटा मात्र तळाशी शांत पडून होता. ढाणकीला त्याच्या बायकोच्या, मंजुषाच्या भाचीचा साखरपुडा होता. नवराबायको एसटीत उभ्याने तिथं पोचली तेव्हा शेवटची पंगत उठत होती. गाडी पिकअपला बांधून यवतमाळला परत गेली.

गाडी चारुदत्तकाकांची होती. काका त्याच्याच कॉलनीत राहणारे, जमीन मोजणीच्या कचेरीत त्याचे साहेब होऊन निवृत्त झालेले. आपण बाजारात वांगी घेताना देठ पाहतो, टरबुजाला टिचकी मारतो, पण समोर ओळखीचा माणूस आला की चारचाकीसुद्धा डोळे मिटून घेतो. यज्ञेश्वरने तरी एकदा विचारून पाहिलं होतं.

"काका, एकदा मेकॅनिकला दाखवून घेऊ का?"

काकांनी पुढे केलेली किल्ली मागे घेतली. चेहरा पाडून म्हणाले, "घरच्या माणसाची गाडी आहे रे ही. आपल्यात मेकॅनिक लागतो का?"

"नाही नाही, चुकलं माझं," यज्ञेश्वर म्हणाला आणि व्यवहार झाला. गाडी तपासायची राहिलीच, उलट त्याने माफी मागितली. भीड माणसाला काय काय करायला लावते ते पाहा.

आर्णी रोडवरच्या गॅरेजमध्ये बादल राठोडने गाडी उघडली. कामाला पक्का आणि तोंडाने सरळ असा हा माणूस. त्याने ऑइलची कांडी बाहेर काढून यज्ञेश्वरपुढे धरली. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत होतं.

"पाणी अन् ऑइल एक होऊन राह्यलं, साहेब. हेड गॅसकेट गेलं, इंजिनातलं पाणी-ऑइल येगळं ठेवते ते. अन् हे आजचं नाही, लय दिवसाचं हाय. गळती दाबाले पावडर टाकली कोनं तरी."

"पण काटा तर वर गेलाच नाही."

बादलने वाकून एक मोकळी वायर बाहेर ओढली. "जाईन कसा? वायरच काढून ठेवली. हे आपोआप निघत नसते, साहेब."

यज्ञेश्वर तडक काकांकडे गेला. काका गॅलरीत पेपर वाचत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि पेपरची घडी घालत म्हणाले, "जुन्या गाडीचं असं चालायचंच. तू पाहूनच घेतली न?"

"मेकॅनिक आणतो म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटलं होतं."

"मग आणायचा होता. मी काय तुझा हात धरला होता?" काका जराही शरमले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं कर, पावडर टाक आणि विकून टाक. दोन-तीन महिने काही होत नाही. फक्त आपल्यातल्या कोणाला देऊ नको, बाहेरच्याला दे."

त्या माणसाच्या हाताखाली आपण अकरा वर्षं काम केलं, याची यज्ञेश्वरला घरी येईपर्यंत किळस वाटत राहिली. पण दुःखाची गोष्ट ही, की सल्ला मात्र त्याच्या डोक्यात राहिला. आपल्याला कोणी सोडलं नाही, मग आपण का सोडावं? फसलेल्या माणसाला हा हिशेब फार लवकर पटतो.

दुसऱ्या दिवशी तो बादलला म्हणाला, "दुरुस्ती नको. पावडर टाकून दे. मी विकतो गाडी."

बादलने हात पुसले. "ते काम मी करत नाही. एक इचारू का? तुमाले राग कायचा आला? गाडी बिघडल्याचा असन, तर मी दुरुस्त करून देतो. पन फसवल्याचा असन, तर दुसऱ्याले फसवून तो कसा जाईन? उलट ज्याच्यावर थुंकाले निघाले, त्याच्याच रांगेत जाऊन उभे राहान."

"तुला बोलायला काय जातं," यज्ञेश्वर म्हणाला. पावडर त्याने स्वतःच टाकली. मंजुषाला हे कळलं. ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

गाडी विकायची आहे असं ऐकून रविवारी किसनसिंग आला. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा शेतकरी. त्याच्या शेताच्या मोजणीचं काम यज्ञेश्वरने एकही फेरी न मारायला लावता करून दिलं होतं, तेव्हापासून तो या घराला मानत असे. बरोबर बायको होती, रुपीबाई. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला यावं लागे. परतीच्या बसमध्ये तिला बसवत नसे, म्हणून किसनसिंग गाडी शोधत होता.

रुपीबाई मागच्या सीटवर जाऊन बसली. हाताची पट्टी सांभाळत हळूच आडवी झाली. म्हणाली, "हे बेस हाय. आता झोपून जाता येईन."

किसनसिंगने गाडीभोवती चक्कर मारली. "साहेब, गावचा मिस्त्री हाय एक. येत्या बुधवारी त्याले घेऊन येतो. एक डाव पाहून घेईन तो."

आणि यज्ञेश्वरच्या तोंडून शब्द गेले, "किसनसिंगभाऊ, आपल्यात मिस्त्री कशाला? माझ्यावर भरवसा नाही का?"

किसनसिंग ओशाळला. त्याने चक्क हात जोडले. "तसं नाही, साहेब. चुकलं माह्यं."

अरे, हे काय करून बसलो आपण! हे तर काकांचेच शब्द. आर्णीच्या पुढे रस्त्यात ही गाडी उभी राहिली, तर मागे झोपलेल्या या बाईचं काय होईल? मंजुषा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती त्याच्याकडेच बघत होती.

"ही गाडी घेऊ नका," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं. गॅसकेट, पावडर, वायर, काहीही लपवून ठेवलं नाही.

किसनसिंग गाडीपासून एक पाऊल मागे सरला. मग त्याने विचारलं, "हे तुमाले आधीच मालूम होतं?"

"हो."

"अन् आता भरवसा म्हणले ते?"

यज्ञेश्वरने गाडीचं मागचं दार उघडून धरलं. रुपीबाई सीटचा आधार घेत उठली आणि सावकाश खाली उतरली.

"सांगतलं ते बेस केलं," किसनसिंग म्हणाला. "पन साहेब, हे सांगाले माही बायको गाडीत निजलेली पाहा लागली तुमाले." चहा न घेता दोघं स्टँडकडे गेली.

पुढे यज्ञेश्वरने बादलकडून इंजिनाचं काम पूर्ण करून घेतलं, वायरही जोडून घेतली आणि गाडी स्वतःच ठेवली. चारुदत्तकाकांना कॉलनीतल्या चार लोकांसमोर सगळं स्पष्ट बोलून दाखवलं. काकांनी बोलणं टाकलं, आणखी दोन-तीन घरांनीही टाकलं. एवढ्यातेवढ्यासाठी आपल्या माणसाचा पाणउतारा केला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

वाचकहो, 'आपला माणूस' हे शब्द आपण फार स्वस्त करून टाकले आहेत. ज्याला खोट लपवायची असते तो नात्याची आठवण करून देतो, आणि आपण विचारायचं सोडून लाजतो. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाला तपासणीचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याची वस्तू दोनदा तपासावी. आपण फसलो तर ती फसवणूक आपल्यापाशीच थांबवावी. आणि ती वेळेवर थांबवावी, कारण उशिरा बोललेल्या खऱ्याने समोरच्याचे पैसे वाचतात, विश्वास वाचत नाही.

किसनसिंग अजूनही कचेरीत येतो. यज्ञेश्वरने पुढे केलेला प्रत्येक कागद तो आता ओळीवर बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि मगच सही करतो. यज्ञेश्वर तोवर खुर्ची सोडून उभा राहतो.