दोन खोऱ्यांची बरणी

“एजे, तेरेक खोऱ्यातल्या बेडकांची बरणी कुठं ठेवलीत?” बेगिमायने संग्रहालयात शिरताच, कोटही न काढता विचारलं. वयाने मोठी म्हणून ती मला एजे, म्हणजे ताई, म्हणते.

मी वाटीत चहा ओतत राहिले. “आधी चहा घे. तळलेले बोर्सोक आणलेत, गरम आहेत.”

“राहू द्या हो चहा. डीएनएचा निकाल आलाय. धरण भरायच्या आधी तेरेकच्या एका बेडकाचं बोट तपासायला आणलं होतं ना मी? साराल खोऱ्यातल्या बेडकांशी जुळत नाही. दिसायला हुबेहूब, पण जात वेगळी. नवीन जात, एजे! नाव द्यायचं तर अख्खा बेडूक हवा. तेरेक पाण्याखाली गेलं. आता आपल्या बरणीत आहेत तेवढेच.”

बरणी फुटली म्हणून सांगावं, असं मनात येऊन गेलं. उठले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. बेगिमाय बघतच होती.

“चौऱ्याण्णव साली स्पिरिट मिळत नव्हतं,” मी म्हटलं. “दोन्ही बरण्या अर्ध्या सुकल्या होत्या. मी एकीतले दुसरीत ओतले. तेरेक काय नि साराल काय, बेडूक तर सारखेच.”

“पायाला चिठ्ठ्या?”

“नव्हत्या. बरण्यांवरच होत्या.”

तेव्हा बेडूक वाचवले म्हणून संग्रहालयाच्या संचालकांनी भर सभेत माझं कौतुक केलं होतं. घरी जाऊन मी ते नवऱ्याला तीनदा सांगितलं होतं. आता त्याची लाज वाटली.

बेगिमायने त्रेचाळीस बेडूक ताटात मांडले. दुपारभर एकेक उलटासुलटा करून पाहिला. मी तिच्यामागे येरझाऱ्या घालत होते.

“तपासून नाही कळणार?”

“स्पिरिटमध्ये ठेवण्याआधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेले आहेत. अशा जुन्या नमुन्यांवर दोनदा करून पाहिलंय, काही हाती लागत नाही.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने बेडूक परत बरणीत ठेवले आणि चिठ्ठी पुढे ओढली. “खोरं अज्ञात, असं लिहिते.”

“अज्ञात कसं? मला माहीत आहे की.” मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. लिहिलं : तेरेक आणि साराल, १९९४ साली एकत्र केले. खाली माझं पूर्ण नाव.

“नाव कशाला, एजे? पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय.”

“म्हणूनच. नंतर कुणावर आळ नको.”

चिठ्ठी मी स्पिरिटमध्ये सोडली. ती हळूहळू खाली गेली आणि अक्षरं बाहेरून वाचता येतील अशी काचेला टेकली.