डावखुरी

राज्याकडून बेसबॉल खेळलेला मी आता चाकणच्या एका कंपनीसाठी शाळाशाळांतून खेळाडू हेरतो. निघोज्याच्या शाळेत दीक्षा सापडली. डाव्या हाताने असा चेंडू फेकते की झेलताना माझा तळवा झिणझिणला. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात घालावा लागतो, आणि कंपनीने पाठवलेले वीसच्या वीस डाव्या हातात घालायचे. दुसरा मागवा म्हटलं, तर फोटो काढायला आलेले कंपनीचे साहेब म्हणतात, "भाऊ, तिला उजव्या हाताने फेकायला शिकवा ना. लहान आहे, होईल सवय."

माझं डोकं सणकलं. सगळे ग्लोव्ह गोळा करून मी त्यांच्या गाडीत फेकले.

उजव्या हाताने फेकले. मीही जन्माचा डावखुराच. शाळेत सरांनी मला हेच सांगितलं होतं, आणि मी गुमान ऐकलं होतं.