आपली धरून चार

पाळणाघराच्या परवान्याचा फॉर्म मीच भरला, तेव्हा गाढवपणाही माझाच. 'लहान मुलांची संख्या' असं विचारलं होतं, मी ठसठशीत 'चार' लिहून मोकळी झाले. इथे बहरीनमध्ये माझ्याकडे सांभाळायला येतात ती चारच. अकाउंटंट कस्तुरीचा आठ महिन्यांचा ओजस, बँकेतल्या सुनीताची स्पृहा, आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्या फिजाची दोघं, गनी आणि त्याची बहीण. आता आमच्या गुहागरकडे पंगतीची पानं मोजताना घरचं माणूस कोणी मोजतं का? घरचे मागून बसतात, उरेल ते खातात. तशी माझी श्रेया मी मोजलीच नाही. चार वर्षांची पोर, घरातलीच, तिला काय मोजायचं?

मुळात ह्या भानगडीत पडायला मला कस्तुरीनंच सांगितलं. "मालूताई, रीतसर कागद करून घ्या. उद्या कुणी तक्रार केली तर आमचीही पंचाईत." म्हटलं करू, त्यात काय!

रविवारी परवान्याच्या ऑफिसातल्या मॅडम घर तपासायला आल्या. बहरीनी बाई, पण हिंदी माझ्यापेक्षा बरी. आमच्या सनाबिसच्या दोन खोल्या बघितल्या, बाल्कनीची जाळी हलवून बघितली, खूश झाल्या. मग जेवायला बसलेल्या पोरांवरून बोट फिरवलं. "पाँच."

"चार, मॅडम. ये तो मेरी है."

"आपकी है तो क्या? छोटी है, तो गिनती में है. इतनी जगह में चार. पाँच मफी, नहीं चलेगा." त्यांनी कोरा फॉर्म हातात ठेवला. "एक कम करो, चारों के नाम लिखो, गुरुवार को लाओ. यल्ला, चलो."

त्या गेल्या आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. कुणाला कमी करू? गनीला काढावं तर भावाबहिणीची ताटातूट. दोघांना काढावं तर एक जागा उगाच रिकामी, आणि फिजाला इथे दुसरं आहे तरी कोण? स्पृहा माझ्या हातचा मऊ भात सोडून घास घेत नाही. ओजसला काढावं तर कस्तुरीची नोकरी नवीन, अजून पक्कीसुद्धा झालेली नाही. सोमवारी मी स्पृहाला काढलं, मंगळवारी परत घेतलं आणि गनीला काढलं. बुधवारी भाजीत दोनदा मीठ घातलं. कुणाला विचारावं तर ज्याला त्याला आपलंच पोर आत हवं.

आमचे हे बुदैयाच्या एका रोपवाटिकेची गाडी चालवतात. बुधवारी संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "एवढं काय डोकं पिकवतेस? श्रेयाला गावी ठेवू आईकडे. दोनेक वर्षांचा तर प्रश्न, मग ती लहानांत मोजली जाणार नाही. आपल्याच घरी जाणार, कुणाच्या दारात नाही."

"जिभेला काही हाड?" मी अशी ओरडले की शेजारणीनं दार उघडून बघितलं.

पण खोटं कशाला बोलू, थोड्या वेळानं मला ते पटलं. लाज वाटते सांगायला. ह्यात कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागणार नव्हतं. आपलं माणूस, ते काय बोलणार आपल्याला? मी सासूबाईंना फोनसुद्धा लावला. "पाठव गो, मी बघीन तिला," म्हणाल्या. श्रेया तिथेच चित्रं रंगवत होती. पोर इंग्रजीशिवाय बोलत नाही, म्हणून आम्हा दोघांना वाटायचं, मोठ्यांचं मराठी बोलणं तिच्या डोक्यावरून जातं.

गुरुवारी पोरांना जेवायला बसवलं. श्रेया रोज माझ्या मांडीला टेकून खाते. त्या दिवशी गनीच्या पलीकडे जाऊन हाताची घडी घालून बसली.

"आंटी, कॅन आय हॅव राइस?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"आंटी." ती ताटाकडेच बघत होती. "गनी कॉल्स यू आंटी. ही गेट्स टू स्टे."

आई गं! भात तिथेच टाकून तिला उचललं, ढसाढसा रडले. मला रडताना बघून ओजसनं भोकाड पसरलं. तशीच तिला कडेवर घेऊन फॉर्म काढला आणि पहिल्या ओळीत श्रेयाचं नाव लिहिलं. उरल्या तीन ओळी. गनी, त्याची बहीण, स्पृहा. ओजस तान्हा, तो मला विसरेल, एवढाच हिशेब केला. तो बरोबर की चूक, मला अजून कळत नाही.

कस्तुरीला फोन केला. ओजसला आता घेता येणार नाही, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मालूताई, तुम्हीच असं केलंत तर मी जाऊ कुणाकडे?" "चुकलं गो माझं," एवढंच म्हटलं.

फोन ठेवून श्रेयाला फॉर्म दाखवला. आपलं नाव ती ओळखते. "हे बघ, सगळ्यांत पहिलं तुझं. कुठेही जायचं नाही तुला. आता आई म्हण बघू."

तिनं नावावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"फर्स्ट गिव्ह इट टू मॅडम," ती म्हणाली.