टेकवू नका हो मला

मी एक जुनी टंगस्टनची सळई आहे. जुनी म्हणजे वयानं फार नाही, पण झिजून झिजून पार म्हातारी झालेली. आले तेव्हा जवळजवळ वीतभर लांब होते, आता करंगळीच्या पेराएवढी उरले आहे. मित्रांनो, बसा जरा. मला फार बोलवत नाही, पण सांगते.

माझा जन्म भुकटीचा. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात ती भुकटी दाबली, भाजली, ठोकून ठोकून ओढली, तेव्हा कुठे माझा सडपातळ देह तयार झाला. शेपटाला निळा रंग लावून मला बहिणींबरोबर डबीत भरलं. आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे गॅसच्या आडोशानं पातळ स्टील जोडताना, आपण वितळायचं नाही. खालचं स्टील वितळेल, त्याचं पाणी पाणी होईल, आपण मात्र त्याच्यावर नुसतं उभं राहायचं. केवढं सोपं काम, असं वाटलं होतं. मग मी काकासाहेबांच्या हाती पडले.

अंबडला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर काकासाहेबांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं आयुष्य आर्क वेल्डिंगमध्ये गेलेलं. आर्कची कांडी पेटली की जळत जाते, तोकडी होत जाते, म्हणून हात सारखा खाली खाली न्यावा लागतो. काकासाहेबांचा हात असा वर्षानुवर्षं खालीच जात आलेला. जाड लोखंडाला तो हात लाख मोलाचा. पातळ स्टीलला मात्र तो भारी पडला.

त्यांच्या मंडळी उषाबाई बचत गटातल्या बायकांबरोबर मोसंबीचं सरबत करतात. गटाची साखरेचा पाक उकळायची मोठी स्टीलची कढई तळाजवळ पाझरायला लागली. काकासाहेब म्हणाले, "एवढंसं तर हाय, आण इकडं." आणि आर्क मारून त्यांनी कढईला रुपयाएवढं भोक पाडलं. ते बुजवायला गेले, तर भोक दुप्पट झालं.

उषाबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. कढई दुकानाच्या कोपऱ्यात ठेवून गेल्या, आणि तेव्हापासून घरातली तुटकी कडी, सैल झालेली सांडशी, सगळं परस्पर दुसऱ्या दुकानात जायला लागलं. वेल्डरच्या बायकोनं दुसऱ्या वेल्डरकडे जावं! काकासाहेबांना ते फार लागलं. जालन्याला हॉटेलांचे स्टीलचे ओटे करणारे अजमतभाई त्यांचे जुने दोस्त. त्यांना काकासाहेब म्हणाले, "आंब्या बहाराची मोसंबी उतरायच्या आत ही कढई माह्याच हातानं नीट झाली पाह्यजे. न्हाईतर दुकानाची पाटी उतरवून ठिवतो बघ."

मग अजमतभाईंच्या सल्ल्यानं टिगचं इन्व्हर्टर मशीन आलं. जुना ट्रान्सफॉर्मर सरकवायचा तर चौघं लागायचे, हे एका हातानं उचलता येईल एवढं. सोबत अर्गॉन गॅसची टाकी आणि टॉर्च, म्हणजे हातात धरायची वेल्डिंगची मूठ. टॉर्चच्या तोंडाला चिनीमातीची टोपी, आणि टोपीतून जेमतेम नाक बाहेर काढलेली मी.

अजमतभाईंनी स्वतः करून दाखवलं. "बटण दाबलं की ठिणगी आपोआप उडी मारती. टेकवायचं बिलकुल न्हाई. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात वितळवायची तार. तार थेंब थेंब द्यायची. आन् काम झालं की हात तिथंच ठेवायचा, गॅस थांबेस्तोवर. जल्दी न्हाई करायची." त्यांची शिवण कशी आली म्हणता! नाणी एकमेकांवर सरकवून ठेवावीत तशी. मीही खूश झाले.

मग टॉर्च काकासाहेबांनी घेतला आणि पहिल्यांदा मला पत्र्यावर काडेपेटीच्या काडीसारखं घासलं. आर्कला घासतात ना, तसं! टोकाचा टवका उडाला. पुन्हा बटण दाबलं, उजेड पेटला, खाली वितळलेल्या स्टीलचा इवलासा डोह तयार झाला, आणि त्यांचा हात निघाला की खाली. मी थेट डोहात. नाकाला स्टीलचा गोळा चिकटला, शिवण काळी ठिक्कर पडली.

"कायको दबाते भाई?" अजमतभाई ओरडले. "ही जळून कमी होत न्हाई. जिथं ठिवाल तिथंच राहती."

"मला कळून राह्यलं रे," काकासाहेब तोंडावरची काळी काच वर करून घाम पुसत म्हणाले. "हाताला कळून न्हाई राह्यलं."

टेकवलं की माझं खराब झालेलं नाक तोडायचं, ग्राइंडरवर धरून नवं टोक काढायचं. पुन्हा टेकवलं, पुन्हा ग्राइंडर. बरं, चुकून एखादी रेघ साधली, तर काम संपताच हात झटकन बाजूला. मी लालबुंद, अंगावरचा गॅस गेलेला, उघड्या हवेत निळीकाळी पडायची. की पुन्हा ग्राइंडर आहेच! थकले हो मी. रोज थोडी थोडी कमी होत होते, आणि माणूस काही शिकत नव्हता. त्याचीही मान आखडलेली, डोळे चुरचुरणारे. रागवायचं तरी कुणावर?

एका सकाळी उषाबाई डबा द्यायला आल्या. काकासाहेब मशीन बंद ठेवून नुसताच हात फिरवत होते, आणि मी पत्र्यावर टक टक आपटत होते. उषाबाई डबा ठेवून निघाल्या, पण पुन्हा वळल्या.

"अहो, तुमचा हात टेकून राह्यला."

"मंग काय हवेत ठिवू?"

"हवेतच ठिवायचा. रांगोळी काढताना कुणी चिमूट भुईला दाबतं का? दाबली तर रेघ फिसकटती." त्या घरी गेल्या आणि रांगोळीचा डबा घेऊन आल्या. "बसा उंबऱ्यापुढं. करंगळी टेकवा, बाकीचा हात अधांतरी. आता काढा रेघ."

आणि मित्रांनो, एवढा धिप्पाड गडी भर रस्त्यावर उकिडवा बसून रांगोळी काढायला लागला! पहिली रेघ कोंबडी चालून गेल्यासारखी आली. गटातल्या नंदाबाई भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्याच. "अगं बया! काकासाहेब, उद्या आमच्या दाराला बी येता का? सडा मी टाकून ठिवते." चहावाला हसला, रिक्षावाले हसले. काकासाहेबांचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत. उषाबाईही हलल्या नाहीत. "वर. अजून वर. आता बराबर," एवढंच म्हणत राहिल्या. कढईपासून त्या नवऱ्याशी इतकं पहिल्यांदाच बोलत होत्या.

मग रोज शटर उघडायच्या आधी रांगोळी, आणि मागून मी. आठवडे गेले. मी आणखी झिजले. पण हळूहळू ग्राइंडरच्या खेपा कमी झाल्या, आणि एक दिवस असा आला की खाली स्टीलचा डोह चमकतोय, बाजूनं तारेचा थेंब पडतोय, भोवती गॅसची गार झुळूक, आणि मी उभी आहे. नुसती उभी. कशी सांगू, मला रडू येण्याएवढा आनंद झाला. याच कामासाठी तर मी जन्मले होते.

मोसंबी उतरायला लागली तेव्हा कढई पुढ्यात आली. भोकाच्या वेड्यावाकड्या कडा कापून काकासाहेबांनी गोल ठिगळ बसवलं. गटातल्या बायका बाहेर उभ्या होत्या, उषाबाई सगळ्यांच्या मागे. शिवण ठिगळाभोवती सरकत आली. शेवटच्या बोटभर जागेत त्यांचा हात जुन्या सवयीनं खाली यायला लागला. डोह माझ्या नाकाजवळ आला. टेकवू नका हो, एवढं एकदा टेकवू नका, असा मी मनातल्या मनात आकांत केला. पण करंगळी घट्ट राहिली. हात सावरला. शिवण जुळली.

कढईत पाणी भरलं. उषाबाईंनी तळाखालून हात फिरवला, तो कोरडाच बाहेर आला. बायकांनी गलका केला. उषाबाई मात्र पाणी ओतून, कढई उचलून त्याच पावली निघून गेल्या. काकासाहेब खुर्चीत बसून राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. स्टीलची घागर होती. काठावर उषाबाईंचं माहेरचं नाव कोरलेलं, आणि बुडाची शिवण उकललेली.

"ही तर हरवल्ती ना?" काकासाहेब म्हणाले.

"माळ्यावर दडवून ठिवल्ती. माह्या आबांनी लग्नात दिलेली. तुमच्या नजरेला पडली तर तुम्ही करायला घेताल, म्हणून भ्या वाटायचं."

"मंग आता?"

"आता करा."

मी एवढी लहान झाले होते की टॉर्चच्या पकडीत बसत नव्हते. घागर नव्या सळईनं केली. मला उंबऱ्यावरच्या रांगोळीच्या डब्यात टाकलं होतं, तिथून मी पडल्या पडल्या पाहत होते. काकासाहेबांनी नव्या सळईला एकदाही टेकवलं नाही. काम झाल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यात काय अवघड होतं?"

उजेड विझला होता, पण काकासाहेबांचा हात घागरीवर तसाच होता. गॅस सुसू करत होता.

"झालं न्हवं?" उषाबाई म्हणाल्या. "मंग काय थांबून राह्यलात?"

"गार होऊ दे," ते म्हणाले. "मी आधी लई घाई करायचो."

आता मी त्या डब्यातच असते. रांगोळीच्या चाळणीची भोकं बुजली की उषाबाई मला खुपसून ती मोकळी करतात. मेली इथंही सुट्टी नाही. मित्रांनो, तुमच्याही हाती कधी टॉर्च येईल. तेव्हा माझ्या बहिणींना उगीच दाबू नका, आणि काम झालं की लगेच हात काढून घेऊ नका. तापलेल्याजवळ थोडं थांबा. बस, एवढंच. आता मला जरा पडू द्या.